घाटाच्या हाफ मॅरेथॉनची तयारी चालू असताना चरबी कमी आणि स्नायू जास्त: दोन्ही एकत्र जमतं का?

मी_अर्धवट

सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. हातात १४ आठवडे आहेत. वय ३८, उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो, बेंबीपाशी कंबर ९२ सेंमी. सध्या आठवड्यातून चार दिवस मिळून ४० किमी पळणं होतं. वजनं उचलण्याच्या नावाने शून्य. घरी शाकाहार, बाहेर अंडी चालतात. राहणार पुणे.

शर्यतीतला यवतेश्वरचा घाट चढायच्या आत ६ किलो चरबी उतरवायची आहे आणि पायात ताकदही आणायची आहे. जिमचा ट्रेनर म्हणतो पळणं थांबव, नाहीतर मसल जळतील. पळणाऱ्या ग्रुपमधले म्हणतात जिमच्या वाटेला जाऊ नकोस, पाय जड होतील. दोघंही ठाम आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा. अंदाजे उत्तरं नकोत, आकडे द्या.

लंगडी_घोडी

ट्रेनर आणि ग्रुपवाले यांना एका खोलीत कोंडा. दोघांच्याही भरपूर कॅलरी जळतील. (दिवे घ्या.)

घाटवाट

दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे, पण दोघांचीही माहिती अर्धी आहे.

ट्रेनर जे सांगतोय त्याचं मूळ १९८० मधल्या रॉबर्ट हिक्सनच्या प्रयोगात आहे. दहा आठवडे एका गटाने फक्त वजनं उचलली, दुसऱ्याने फक्त दमसासाचा व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही केलं. तिसऱ्या गटाची पायांची ताकद पहिल्या सातेक आठवड्यांत पहिल्या गटाच्या जोडीने वाढली, मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरली. इथवर सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही: त्या गटाचा व्यायाम होता आठवड्यातून पाच दिवस जड वजनं आणि सहा दिवस जोरकस सायकल-पळणं. एवढा मारा झाल्यावर कुणाचीही ताकद थबकेल.

तुमचं काम दोन दिवस वजनं आणि चार दिवस पळणं एवढंच आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त पळणं निवांत. या प्रमाणात अडथळा फार थोडा येतो. आणि ज्याने आजवर वजनं उचललीच नाहीत त्याची ताकद पहिले दोन-तीन महिने तशीही वाढते, कारण सुरुवातीची वाढ स्नायूच्या आकारापेक्षा मज्जासंस्थेच्या सरावातून येते. म्हणजे नवशिक्याला चरबी कमी आणि ताकद जास्त हे एकत्र जमतं. चार-पाच वर्षं नियमित जिम करणाऱ्याने हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर वेगळं असतं.

ग्रुपवाल्यांचे ‘जड पाय’ खरे आहेत, पण ते वेळापत्रकाच्या चुकीमुळे. शनिवारी संध्याकाळी स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) मारून रविवारी सकाळी २० किमीला उभं राहिलं तर पाय जड होणारच.

हिशोबनीस

आकडे मागितलेत म्हणून. (कॅलरी म्हणजे सगळीकडे किलोकॅलरी.)

झोपून राहिलात तरी लागणारा खर्च मिफ्लिनच्या सूत्राने साधारण १६३०. बैठी नोकरी धरून १.३५ ने गुणलं की २२००. पळण्याचा खर्च दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी, म्हणजे ७४ × ४० = २९६० आठवड्याला. त्या वेळात खुर्चीत बसून जे जळलं असतं ते वजा करून दिवसाला ३८० च्या आसपास. एकूण २५८०. यात शंभर-दीडशे इकडेतिकडे होतील.

आता ६ किलो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, सहा किलो म्हणजे ४६,२००. शर्यतीआधीचे पाच आठवडे तूट (खर्चापेक्षा कमी खाणं) ठेवायची नसते, कारण तेव्हा सगळ्यात लांब आणि सगळ्यात कठीण पळणी असतात. उरले नऊ आठवडे, ६३ दिवस. म्हणजे रोज ७३३ ची तूट आणि ताटात साधारण १८५०.

१० किमी पळण्याच्या दिवशी याचा अर्थ काय ते पाहा. चरबी २२ टक्के धरली तर चरबीविरहित वजन ५७.७ किलो. १८५० मधून पळण्याचे ६८० गेले, उरले ११७०. म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोला २० कॅलरी. हा आकडा दीर्घकाळ ३० च्या खाली राहिला की शरीर कामं बंद करायला लागतं: झोप बिघडते, संप्रेरकं घसरतात, हाडांची दुरुस्ती मागे पडते. ३० ची मर्यादा मुख्यतः बायकांवरच्या अभ्यासातून आलेली आहे, पुरुषांची थोडी खाली असू शकते, पण २० हे कुणासाठीच चांगलं नाही.

रोज ३५० ची तूट ठेवा. ६३ दिवसांत २२,०५० होतात, म्हणजे पावणेतीन-तीन किलो. सहाचं तीन करा.

जुनाट_धावक

हिशोबनीस, हिशोब मान्य, पण मुळात तूट कशाला? पळणं ४० वरून ५५ किमीवर न्या, जेवण आहे तेच ठेवा, वजन आपोआप उतरतं. आणि पायाच्या ताकदीला घाटच पुरेसा आहे. आमच्या पिढीने जिमचं तोंड न पाहता मॅरेथॉन पळल्या.

फिजिओ_आडगावची

जुनाट_धावक, मान राखून असहमत, दोन कारणांनी.

पहिलं, पळणं वाढवून तूट काढायची म्हटलं तर रोजच्या ३५० साठी आठवड्याला ३३ किमी जादा लागतात. ४० चे ७३. पायाच्या नडगीला हे नऊ आठवड्यांत झेपत नाही. शिवाय पळणं वाढलं की भूक वाढते आणि उरलेला दिवस माणूस सोफ्यावर काढतो. लिफ्ट घेतो, भाजी आणायला गाडी काढतो. हिशोब तिथे फसतो.

दुसरं आणि महत्त्वाचं: घाट चढण्याची ताकद देतो, उतरण्याची तेवढी देत नाही. साताऱ्याला लोक चढाची भीती घालतात, पण त्याच रस्त्याने परत उतरायचं असतं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसण्याचा प्रयत्न करत असतो. स्नायूच्या धाग्यांना सगळ्यात जास्त इजा याच प्रकारच्या कामात होते. म्हणून शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये मांड्या थरथरायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागतो.

यावर उपाय म्हणजे पायरीवरून सावकाश उतरणं. २० सेंमी उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय पुढे हवेत. तीन ते चार सेकंद घेत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला हलकी टेकवायची आणि वर यायचं. गुडघा आत, अंगठ्याच्या बाजूला कोसळत असेल तर पायरी १० सेंमीची घ्या. प्रत्येक पायावर ८, असे तीन फेरे. जमायला लागलं की हातात ४-५ किलोचं डंबेल.

याच्या जोडीला प्रत्यक्ष उतार. स्नायू एकदा उताराने दुखून बरे झाले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढे दुखत नाहीत. त्यामुळे शर्यतीच्या सहा आठवडे आधीपासून पंधरवड्यातून एकदा बोपदेव घाट किंवा सिंहगडाचा रस्ता उतरायचा. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

जुनाट_धावक

उताराचा मुद्दा मान्य. पायरीचा व्यायाम घरीच होतो, मग जिमची फी कशाला?

घाटवाट

कारण भार वाढवत न्यावा लागतो. स्वतःच्या वजनाने २५ उठाबशा निघायला लागल्या की तो व्यायाम ताकदीचा राहत नाही, दमसासाचा होतो, आणि दमसासाचं काम पळण्यातून होतंच आहे. ताकदीसाठी असं वजन लागतं जे ५-६ वेळा उचललं की पुढे फार तर दोन वेळा निघेल. घरी बारबेल आणि प्लेटा असतील तर जिम नको.

आठवड्यातून दोन दिवस, ४५-५० मिनिटं पुरे. स्क्वॉट ५-६ चे तीन सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. रोमेनियन डेडलिफ्ट ८ चे तीन सेट (पाठ सरळ, बार मांडीला घासत, मांडीचा मागचा स्नायू ताणेपर्यंतच खाली). पोटऱ्या १०-१२ चे तीन सेट, एक दिवस गुडघा सरळ ठेवून आणि दुसऱ्या दिवशी वाकवून, कारण वाकवल्यावर खालचा खोल स्नायू काम करतो आणि घाटात तोच आधी दमतो. एक ओढण्याचा आणि एक ढकलण्याचा व्यायाम वरच्या अंगासाठी. बाकी वेळ उरला तर फिजिओताईंची पायरी.

पहिले दोन आठवडे रिकाम्या बारने पद्धत बसवा. तेव्हा वजन वाढवायचा मोह आवरा. तिसऱ्या आठवड्यापासून, सगळे सेट नीट निघाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. सेट मरेपर्यंत ओढायचा नाही. शेवटची एक-दोन उचलणी शिल्लक ठेवली की ताकद जवळपास तेवढीच वाढते आणि दुसऱ्या दिवशी पळता येतं.

भाकरतुकडा

सगळे ताकदीवर तुटून पडलेत, ताटाचं काय? तूट ठेवून स्नायू टिकवायचे तर प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.६ ते २.२ ग्रॅम. ७४ किलोला ११८ ते १६३. शाकाहारी माणसाने १.८ धरावं, म्हणजे १३३. नेहमीच्या वरणभात-भाजी-पोळीत ५०-६० च्या पुढे गाडी जात नाही.

पोहेप्रेमी

१३३ ग्रॅम?? डाळीचं पिंप घेऊन बसायचं का?

भाकरतुकडा

पिंप नको, वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरातला. आणि डाळीवर भिस्त ठेवू नका. एक वाटी पातळ वरणात ५ ग्रॅम निघाली तरी नशीब. १३३ असे भरतात:

पळून आल्यावर २५० मिली टोन्ड दुधात व्हेचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचा, एक स्कूप (३० ग्रॅम): ३२. नाश्त्याला ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी: १४. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी (१२), वाटीभर घट्ट मटकीची उसळ (९), १५० ग्रॅम दही (५). चारला मूठभर, ३० ग्रॅम, फुटाणे: ६. रात्री दोन पोळ्या (७), घट्ट डाळ (७), १०० ग्रॅम पनीर (१८). भाजीत किंवा उसळीत ४० ग्रॅम कोरडे सोया चंक्स: २०. झोपताना कपभर दूध: ८. बेरीज १३८. कॅलरी मोजूनमापून तेल घातलं तर २३०० च्या घरात, म्हणजे हिशोबनीसांच्या २५८० मधून ३५० वजा केल्यावर येणाऱ्या २२३० च्या जवळ. पनीर कमी स्निग्धांशाचं घेतलं की आकडा बसतो.

पाहिलंत ना, यात चिवड्याला आणि साखरेच्या चार चहांना जागा नाही. अंडी चालत असतील तर चार अंड्यांत २५ ग्रॅम मिळतात, सोयातून सुटका. मासे-चिकन खाणाऱ्यांचं तर कामच सोपं: १५० ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये ३३, दोन मध्यम बांगड्यांत २५-२८.

एका बैठकीत २५-३५ ग्रॅम, असं दिवसातून चार वेळा. सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी आणि रात्री एकदम ८० ग्रॅम, असं करू नका. शेंगदाणे प्रथिनांसाठी खाऊ नका. १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं आहेत, पण त्यामागून साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात.

ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पळूनपळून

१.८ मला जास्त वाटतं. नुसतं पळणाऱ्याला १.२-१.४ पुरतं असंच वाचलंय.

भाकरतुकडा

पोटभर खाणाऱ्या धावकाला पुरतं. तूट ठेवली की गरज वाढते, कारण ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनंही जाळायला काढतं. शर्यतीआधी तूट थांबवाल तेव्हा १.४-१.६ वर आलात तरी चालेल.

श्रावणसरी

एक व्यावहारिक अडचण कुणीच मांडली नाही. सप्टेंबरच्या शर्यतीची खरी तयारी पडते श्रावणात, आणि मग गणपती. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. आठवड्यातून दोन दिवस साबुदाणा.

भाकरतुकडा

खरंय. आणि साबुदाण्याचा हिशोब वाईट आहे. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, तीन चमचे तूप, अर्धा बटाटा: प्लेटीत ५८० च्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं ७ ग्रॅम. दोन वेळा खाल्ला की दिवसाची निम्मी ऊर्जा संपली आणि स्नायूंच्या पदरात काही पडलं नाही.

उपास करायचाच असेल तर ६० ग्रॅम राजगिरा पिठाचं थालीपीठ (८), २५० ग्रॅम दही (८), अर्धा लिटर दूध (१६), १०० ग्रॅम पनीर (१८), ३० ग्रॅम दाणे (७), सोबत रताळं आणि केळी. ५७ होतात. व्हेचा स्कूप धरला तर ८१. व्हे उपासाला चालतं का? दुधातूनच निघतं, पण घरातल्या ज्येष्ठांचा निकाल अंतिम.

उपासाचा दिवस पूर्ण विश्रांतीचा किंवा निवांत ६ किमीचा ठेवा. घाटाचे रिपीट (तोच चढ पुन्हा पुन्हा जोरात पळणं) आणि निर्जळी एकादशी एका दिवशी आणू नका.

मोदकांबद्दल: तुपाची धार धरून उकडीच्या एका मोदकाला दीडशेच्या आसपास धरा. पाच खाल्ले तर ७५०. त्या दिवशी तूट नाही असं समजा आणि पुढे चला. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून ‘भरपाई’ करणं सगळ्यात वाईट.

लंगडी_घोडी

पाचच? कोकणात कुणाच्या घरी जाऊन पाचवर थांबून दाखवा.

रोमातला_रम्या

इतके दिवस वाचनमात्र होतो, राहवेना. सकाळी उपाशीपोटी पळालं की चरबी जास्त जळते ना? म्हणजे ‘फॅट बर्निंग झोन’मध्ये?

हिशोबनीस

त्या तासाभरात चरबीचा वाटा जास्त असतो, हे खरं. पण शरीर उरलेल्या २३ तासांत त्याची वजाबाकी करून घेतं. दिवसाची कॅलरी आणि प्रथिनं सारखी असतील तर उपाशी पळून आणि खाऊन पळून उतरलेल्या चरबीत फरक पडत नाही. निवांत पळताना चरबीचा टक्का जास्त, जोरात पळताना टक्का कमी पण एकूण खर्च जास्त. मशीनच्या पडद्यावरचा तो झोन विसरा. निवांत पळण्याची कारणं वेगळी आहेत: ते रोज करता येतं आणि पायांना मोडत नाही. पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग, बस्स.

तासाभराच्या आतलं निवांत पळणं उपाशीपोटी चालतं. इंटर्व्हल (आलटून पालटून जोरात आणि सावकाश पळणं), घाट किंवा ९० मिनिटांच्या वरचं पळणं उपाशी नको. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर खाली ओढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी पळूच नये.

आणि लांब पळण्यात तूट काढू नका. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एक केळं २५ ग्रॅम. १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, एका लिंबाचा रस: झालं पेय. तूट असेल ती विश्रांतीच्या आणि निवांत दिवसांच्या भाताच्या मुदीतून आणि तेलातून काढा.

सायकल_पंक्चर

बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ल्याची सायकल, करणाऱ्यांसाठी थोडं अवांतर. २०० किमीला साडेतेरा तास असतात. एवढा वेळ खोगिरावर असूनही पोट सुटलेले लोक दिसतात, कारण वाटेत वडापाव-मिसळ आणि घरी आल्यावर दोन दिवस ‘एवढं चालवलंय’ म्हणून दुप्पट जेवण. दुसरा मुद्दा हाडांचा: सायकलमध्ये हाडांवर आपटण्याचा भार येत नाही, त्यामुळे फक्त सायकलच चालवणाऱ्यांनी स्क्वॉट-डेडलिफ्ट धावकांपेक्षाही मनावर घ्यावेत.

पळूबाई

+१. आणि बायकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण वरचे सगळे हिशोब ७४ किलोच्या पुरुषाचे आहेत.

५५ किलोची, २८ टक्के चरबीची बाई धरली तर चरबीविरहित वजन ३९.६ किलो. ३० ने गुणलं की ११८८. त्यात १० किमी पळण्याचे ५०० मिळवले की १६९०. त्या दिवशी ताटात याच्या खाली जायचंच नाही. ‘१२०० कॅलरीचा डाएट’ करून हाफची तयारी करणाऱ्या बायकांचं गणित इथेच फसतं. ऊर्जा कमी पडली की पहिली तक्रार पाळीची. अंतर वाढतं, मग थांबते. तीन महिने पाळी आली नाही तर ‘पळण्याने होतं असं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरकडे जायचं. ऊर्जेच्या या कमतरतेला २०१४ मध्ये ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी रेड-एस असं नाव दिलं आणि ते पुरुषांनाही लागू केलं. नडगीवर एकाच ठिकाणी बोटाने दाबून दुखत असेल आणि एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल तर पळणं तिथल्या तिथे बंद.

दम लवकर लागतोय, निवांत वेगालाही नाडी चढतेय, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. जेवणावर चहा पिऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा, चहामुळे लोह कमी शोषलं जातं. शाकाहारींनी बी१२ आणि डी पण पाहून घ्यावं.

मी_अर्धवट

खूपच माहिती. एक शंका: घरी चरबीची टक्केवारी सांगणारा काटा आहे. रविवारी लांब पळून आलो की चरबी २ टक्क्यांनी वाढलेली दाखवतो. पळून चरबी वाढते?

हिशोबनीस

काटा तळपायातून बारीकसा वीजप्रवाह सोडतो आणि अडथळा मोजतो. घाम गेला, पाणी कमी झालं, अडथळा वाढला, तो बिचारा त्याला चरबी समजतो. शिवाय प्रवाह बराचसा पायांतून आणि खालच्या धडातून जातो, पोटाबद्दल त्याला फारसं कळत नाही. ती टक्केवारी पाहणं सोडा.

वजनसुद्धा रोजचं पाहून उपयोग नाही. स्नायूंमध्ये साठवलेल्या दर ग्रॅम साखरेसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. ४०० ग्रॅम साठा रिकामा झाला की दीड किलो उतरतो आणि रात्री भात खाल्ला की परत येतो. त्यात चरबी कुठेच नाही. सकाळी उठल्यावर, शौचानंतर, रोज वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. सरासरीची तुलना मागच्या सरासरीशी. उतार आठवड्याला ३००-४०० ग्रॅम हवा. सलग दोन आठवडे ७०० च्या वर उतरला तर खाणं वाढवा.

आणि शिंप्याची टेप. बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता, आठवड्यातून एकदा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमीच्या आत असावी असं धरतात, तुम्ही ९२ वर आहात. वजन एकच किलो उतरलं, कंबर ३ सेंमी कमी झाली आणि स्क्वॉट वाढला, तर काम बरोबर चाललंय.

पळूनपळून

पण ३ किलोने घाटात फरक तरी किती पडणार?

घाटवाट

७४ मधले ३ म्हणजे ४ टक्के. ताकद तेवढीच राहिली तर अडीच तासांच्या शर्यतीत साधारण सहा मिनिटं. वजनासोबत मांडीचा स्नायूही गेला तर ती सहा मिनिटं चढावर मिळतील आणि उतारावर जातील. म्हणून ६ किलोचा हट्ट नको.

लंगडी_घोडी

धागा इतका भरकटला की मूळ प्रश्न यवतेश्वरच्या अलीकडेच राहिला. आता कुणीतरी याला सरळ वेळापत्रक द्या रे.

घाटवाट

घ्या.

मंगळवारी सकाळी घाट किंवा उड्डाणपुलाचे रिपीट, संध्याकाळी वजनं, मध्ये किमान सहा तास. बुधवारी निवांत ७-८ किमी. गुरुवारी सकाळी ८-९ किमी, मधले २०-२५ मिनिटं दमदार वेगाने, संध्याकाळी पुन्हा वजनं. शुक्रवार आणि शनिवार पायांना सुट्टी, चालणं चालेल. रविवारी लांब. सोमवारी काही नाही, त्यामुळे श्रावणी सोमवारही बसतो. कठीण ते कठीणच्या दिवशी, म्हणजे सोपे दिवस खरोखर सोपे राहतात. वेळ एकदाच मिळत असेल तर आधी वजनं, मग निवांत पळणं. जड स्क्वॉटनंतर इंटर्व्हल कधीच नाही.

आठवडा १ ते ९: ३५० ची तूट, प्रथिनं १३३, वजनं दोन दिवस. मंगळवार आणि रविवारी तूट शून्य, बाकीच्या पाच दिवसांत ४५०-५०० ने भरून काढा. दर चौथ्या आठवड्याला पळणं पाव हिश्शाने कमी करा.

आठवडा १० ते १२: तूट बंद. लांब पळणं १८-२० किमी, त्यात उतार. वजनं दोन दिवस, पण पायाचे सेट तीनऐवजी दोन, बारवरचं वजन तेच.

आठवडा १३-१४: पळणं आधी तीसेक टक्के आणि मग निम्म्याने कमी, थोडे वेगाचे तुकडे मात्र ठेवा. शेवटची जड वजनं शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी. या दोन आठवड्यांत काट्यावर एक-दीड किलो वाढेल. ती साठवलेली साखर आणि पाणी आहे, घाटात तीच कामाला येते. तेव्हा घाबरून भात सोडू नका.

मी_अर्धवट

प्रिंट काढून फ्रिजवर लावतो. शेवटचे दोन प्रश्न. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेऊ का? आणि ट्रेनर म्हणतोय पायांना लेग एक्स्टेन्शन (मशीनवर बसून वजनासकट गुडघे सरळ करणं) १५ चे चार सेट, शेवटचा थरथरेपर्यंत. काय सांगू?

भाकरतुकडा

क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, पाण्यातून, कधीही. लोडिंगची, म्हणजे सुरुवातीला जास्त मात्रा घेण्याची, गरज नाही. शाकाहारींच्या स्नायूंत मुळात साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवतो. काट्यावर किलोभर पाणी चढेल, तेव्हा सुरू करायचं तर पहिल्या आठवड्यातच करा, म्हणजे सरासरीचा गोंधळ नंतर होणार नाही. चढावर ते किलोभर नको वाटलं तर तीन-चार आठवडे आधी थांबवा, साठा तेवढ्या काळात हळूहळू उतरतो. प्रथिनं अजून १०० च्या पुढे जात नसतील तर मात्र क्रिएटिनचे पैसे पनीरवर घाला.

फिजिओ_आडगावची

ट्रेनरला सांगा, लेग एक्स्टेन्शनला हरकत नाही, पण १२ चे दोन सेट, थरथरण्याच्या दोन उचलण्या आधी थांबून, तेही फक्त गुरुवारी. तेवढ्यावर ऐकत नसेल तर त्याला रविवारी सकाळी साडेपाचला बोपदेवच्या पायथ्याला बोलवा.